एक नामवंत, एक आडवाटेचा : पाश्चात्त्य गाणी ऐकायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

भावगीतं, नाट्यपदं आणि हिंदी सिनेमाची गाणी यांवर कान तयार झालेला माणूस कधीतरी ठरवतो, की आता पाश्चात्त्य गाणीही नीट ऐकायची. मग तो ‘सर्वश्रेष्ठ पाचशे अल्बम’ अशी एखादी यादी उघडतो, एक नंबरपासून सुरुवात करतो आणि आठव्या-नवव्या अल्बमला कंटाळून सोडून देतो. यात कानाचा काही दोष नाही. यादीत अल्बम नुसते ओळीने उभे असतात, एकाचं दुसऱ्याशी नातं काय ते कळत नाही. आपल्याकडे मास्टर कृष्णराव ऐकणाऱ्याला भास्करबुवा बखल्यांचं नाव आपोआप कळतं, कारण गायकाबरोबर त्याचा गुरूही सांगितला जातो. पाश्चात्त्य संगीतातही अशी नाती भरपूर आहेत. ती आपली आपण शोधावी लागतात, एवढंच.

म्हणून मी सुचवतो ती रीत जोडीची आहे. एक नामवंत कलाकार घ्यायचा, एक आडवाटेचा, आणि दोघांमध्ये काहीतरी खरा दुवा असला पाहिजे: एकच निर्माता, एकच वाद्य, एकाचं गाणं दुसऱ्याने गायलेलं. आडवाटेचा म्हणजे ज्याला कल्ट म्हणतात तो. ज्याच्या तबकड्या त्या काळात फारशा खपल्या नाहीत, पण ज्यांनी त्या ऐकल्या त्यांनी सोडल्या नाहीत, आणि त्यातले पुष्कळजण पुढे स्वतः वादक-गायक झाले. फक्त नामवंत ऐकले तर त्यांच्यात ते सगळं कुठून आलं हे कळत नाही. फक्त कल्ट ऐकले तर ते कशापासून दूर गेले हे कळत नाही. दोन्ही शेजारी ठेवले की दोन्ही उलगडतात.

पहिली पायरी : ऐकण्याची तयारी

अल्बम पूर्ण ऐका, मूळ क्रमाने. यूट्यूब किंवा स्पॉटिफायवर ऐकत असाल तर शफल बंद करा. एलपीच्या एका बाजूला साधारण वीस मिनिटं मावत, आणि कुठलं गाणं बाजूच्या सुरुवातीला ठेवायचं, कुठलं शेवटी, याचा कलाकारांनी बारकाईने विचार केलेला असे. तो क्रम मोडला की अर्धी गंमत जाते. जुन्या अल्बमच्या नव्या आवृत्तीत शेवटी दहा-पंधरा जादा गाणी जोडलेली असतात, कच्ची ध्वनिमुद्रणं वगैरे. मूळ अल्बम किती गाण्यांचा होता ते बघा आणि तिथेच थांबा. बीटल्सचा ‘रिव्हॉल्व्हर’ १४ गाण्यांचा आहे, पस्तीस मिनिटांत संपतो.

पहिल्यांदा ऐकताना शब्दांच्या मागे लागू नका. उच्चार कळले नाहीत तर चालेल. दुसऱ्या वेळी शब्द समोर ठेवून ऐका. आणि मोबाइलच्या स्पीकरवर तर नकोच. त्यावर बेस गिटार ऐकूच येत नाही आणि या संगीताचा निम्मा जीव तिथे असतो. साधे तारेचे इअरफोनही पुरतात.

दुसरी पायरी : ओळखीच्या सुरापासून सुरू करा

आपल्या कानाला तानपुऱ्याची सवय आहे. एक सूर सतत चालू आहे आणि त्याच्यावर बाकी सगळं घडतंय, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. याच सवयीचा फायदा घ्या.

‘रिव्हॉल्व्हर’ (१९६६) मधलं ‘लव्ह यू टू’ लावा. जॉर्ज हॅरिसनचं गाणं. सुरुवातीला सतारीचे मोकळे सूर, आलापासारखे, मग तबला येतो आणि गाणं चालू लागतं. तबला वाजवणाऱ्याचं नाव अनिल भागवत. लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या त्या अल्बमच्या वेष्टनावर हे नाव छापलेलं आहे, आणि मराठी माणसाने ते एकदा तरी बोट ठेवून वाचावं असं मला मनापासून वाटतं. मग त्याच अल्बमचं शेवटचं गाणं ऐका, ‘टुमॉरो नेव्हर नोज’. जवळजवळ सगळं गाणं एकाच स्वरावर उभं आहे, मागे तानपुरा आहे आणि रिंगो स्टारचा ठेका सुरुवातीपासून शेवटपर्यंत हलत नाही. पुढे जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईत येऊन एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करून गेला. बीटल्सच्या ‘द इनर लाइट’ या गाण्याचं वाद्यसंगीत तिथलं आहे.

आता जोडीला न्यूयॉर्कच्या व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडचा ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको’ (१९६७). वेष्टनावर चित्रकार अँडी वॉरहॉलचं केळं आहे, तोच हा अल्बम. तेव्हा विकला गेला नाही. ब्रायन ईनो या संगीतकाराचं यावरचं बोलणं प्रसिद्ध आहे: विकत घेणारे थोडे होते, पण त्यांतल्या प्रत्येकाने आपला बँड काढला. यातला व्हायोला वाजवणारा जॉन केल हा वेल्सचा. या बँडच्या आधी तो न्यूयॉर्कमध्ये ला माँट यंग यांच्या गटात होता. तिथे एकेक सूर तासन्‌तास लावून धरण्याचे प्रयोग चालत. हे ला माँट यंग पुढे किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. ‘व्हीनस इन फर्स’ हे गाणं लावा आणि फक्त व्हायोला ऐका. कर्कश वाटेल, पण तो सूर कुठे सोडत नाही हे लगेच लक्षात येईल.

हा अल्बम मूळ क्रमाने ऐकू नका (वर सांगितलेल्या नियमाला हा माझा एकच अपवाद). आधी ‘संडे मॉर्निंग’, मग ‘आय विल बी युअर मिरर’. दोन्ही मऊ आहेत. त्यानंतर ‘व्हीनस इन फर्स’, आणि मग ‘हेरॉइन’. या शेवटच्या गाण्यात दोनच कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वरसमूह) आहेत, सात मिनिटं. लय वाढते, पडते, पुन्हा वाढते. मोरीन टकर ही वादक ड्रम्ससमोर उभी राहून वाजवायची आणि झांजा जवळजवळ वापरायचीच नाही, त्यामुळे तिचा ठेका खाली जमिनीतून आल्यासारखा वाटतो. विषय नशेचा आहे, आणि बँडचा गायक लू रीड तो ना उपदेश करत गातो ना कौतुक करत. त्या काळच्या रेडिओवर असलं काही येत नव्हतं.

हे पचलं तर अ‍ॅलिस कोल्ट्रेनचा ‘जर्नी इन सच्चिदानंद’ (१९७१) आपोआप आवडेल. जॅझ आहे. तानपुरा, हार्प आणि फॅरोह सँडर्सचा सॅक्सोफोन. रात्री ऐका.

तिसरी पायरी : वेष्टनावरची नावं वाचा

मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही पायरी. गायकाचं नाव सगळे वाचतात. निर्माता कोण, ध्वनिमुद्रण कुणी केलं, वाद्यमेळ कुणी बांधला, ही नावं वाचायची सवय लावून घ्या. प्रत्येक नाव पुढच्या कलाकाराकडे घेऊन जातं.

पिंक फ्लॉइड आपल्याकडे बऱ्याच जणांनी ऐकलेले असतात, निदान ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) तरी. याच बँडच्या पोटात एक कल्ट कलाकार आहे: सिड बॅरेट. सुरुवातीची गाणी त्याची. मानसिक आजारामुळे १९६८ मध्ये तो बाहेर पडला, दोन एकल अल्बम केले आणि नंतर केंब्रिजला जाऊन संगीताबाहेरचं आयुष्य जगला. १९७५ चा ‘विश यू वेअर हिअर’ बऱ्याच अंशी त्याच्याबद्दल आहे. हे कळल्यावर तो अल्बम पुन्हा ऐका.

आता नावांकडे. पिंक फ्लॉइडच्या पहिल्या तबकडीचा, १९६७ च्या ‘आर्नल्ड लेन’चा, निर्माता जो बॉइड. लंडनमध्ये काम करणारा अमेरिकन माणूस. त्याचं नाव धरून पुढे गेलात की निक ड्रेक भेटतो.

निक ड्रेकचे हयातीत तीनच अल्बम आले: ‘फाइव्ह लीव्हज लेफ्ट’ (१९६९), ‘ब्रायटर लेटर’ (१९७१), ‘पिंक मून’ (१९७२). पहिले दोन बॉइडचे. तिन्ही खपले नाहीत. लोकांसमोर गायला त्याला जमत नसे. १९७४ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी तो गेला. पुढे पंचवीसेक वर्षांनी ‘पिंक मून’चं शीर्षकगीत एका मोटारीच्या जाहिरातीत वाजलं आणि त्याचे अल्बम, तो असताना कधी विकले गेले नव्हते तेवढे, एकदम विकले जाऊ लागले.

पहिल्या अल्बममधलं ‘रिव्हर मॅन’ हे गाणं पाच मात्रांत आहे. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात बहुतेक सगळं चारात असतं, म्हणून हे कानाला वेगळं लागतं. टेबलावर बोटाने पाच मोजत ऐका. गिटार पाच मोजतेय आणि आवाज मात्र त्यावरून निवांत सरकतोय, सम गाठायची कसलीही घाई नाही. आपल्याकडच्या चांगल्या ठुमरी गाणाऱ्यांत दिसते तशी ही निवांतता आहे. हळूहळू व्हायोलिनं येतात, ढगांसारखी नाही तर धुक्यासारखी, आणि गाण्याचा रंग बदलतो. मी आजवर नवख्या माणसाला ऐकवलेल्या गाण्यांत हे सगळ्यात आधी लागू पडतं.

‘पिंक मून’ याच्या अगदी उलट. दोन रात्रींत ध्वनिमुद्रित झालेला, खोलीत फक्त ड्रेक आणि ध्वनिमुद्रक जॉन वुड. एका गाण्यातला थोडासा पियानो सोडला तर आवाज आणि गिटार, बस. ११ गाणी, २८ मिनिटं. वेगवेगळ्या गाण्यांसाठी तो गिटारच्या तारा वेगवेगळ्या लावायचा, म्हणून ती एकच गिटार पुन्हा पुन्हा नवी वाटते.

बॉइडचंच नाव पुढे वश्ती बन्यनकडे नेतं. ही तरुणी घोडागाडीने लंडनहून स्कॉटलंडच्या बेटांकडे निघाली, वाटेत गाणी रचली, ‘जस्ट अनदर डायमंड डे’ (१९७०) काढला. कुणी दखल घेतली नाही. तिने गाणं सोडलं, मुलं वाढवली. २००० मध्ये तो अल्बम पुन्हा निघाला तेव्हा नव्या पिढीच्या गायकांनी तिला शोधून काढलं, आणि २००५ मध्ये तिचा दुसरा अल्बम आला. दोन अल्बममध्ये पस्तीस वर्षं.

मधला वळसा : पाचगणीहून डुसेलडॉर्फला

क्वीन हा बँड ज्यांना आवडतो त्यांनी इथून यावं. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारूख बलसारा, जन्म १९४६, झांझिबार. शाळा पाचगणीची सेंट पीटर्स. पियानो तिथेच शिकला आणि ‘द हेक्टिक्स’ हा पहिला बँडही तिथलाच. क्वीनने १९८१ मध्ये डेव्हिड बोवीबरोबर ‘अंडर प्रेशर’ केलं. त्या गाण्यावरून बोवीकडे या, पण त्याच्या गाजलेल्या गाण्यांच्या संग्रहाकडे नको. ‘लो’ (१९७७) घ्या. या अल्बमची पहिली बाजू तुटक छोट्या गाण्यांची आहे, दुसरी जवळजवळ शब्दांविना. बोवीबरोबर इथे ब्रायन ईनो आहे, वर ज्याचं बोलणं आलं तोच. (ईनोचं नाव वहीत लिहून ठेवा. टॉकिंग हेड्सचा ‘रिमेन इन लाइट’, यू टूचा ‘द जोशुआ ट्री’, सगळीकडे तो सापडेल.)

बोवी त्या काळात जर्मन बँड ऐकत होता. डुसेलडॉर्फचे क्राफ्टवर्क यंत्रांवर संगीत करत. त्यांच्या ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’ (१९७७) या गाण्यात बोवीचं नाव येतं. तीच चाल १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या आफ्रिका बंबाटाने ‘प्लॅनेट रॉक’मध्ये घेतली आणि हिप-हॉपला नवा रस्ता मिळाला. जर्मनीतल्या रेल्वेवरचं गाणं ब्राँक्सच्या नाचात कसं पोचलं, हे एका संध्याकाळी सलग तीन गाणी लावून स्वतः ऐकता येतं.

कोलोनचा कॅन हा बँड त्याहून आडवाटेचा. त्यांना म्युनिकच्या रस्त्यावर गाणारा एक जपानी तरुण दिसला, दामो सुझुकी. त्याच रात्रीच्या कार्यक्रमात त्याला उभं केलं, आणि तो त्यांचा गायक झाला. ‘एगे बामयासी’ (१९७२) पासून सुरू करा. ‘टागो मागो’ मोठा आहे, नंतर. कॅनमध्ये आधी याकी लीबेत्साइटचे ड्रम्स ऐकायचे. एकच आवर्तन तो इतक्या बारीक फरकांनी फिरवत ठेवतो, की ठेका धरणाऱ्या तबलजीची कदर असलेला माणूस हसूनच मान डोलावेल.

चौथी पायरी : कुणी कुणाचं गाणं गायलं

निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ (१९९१) जगभर खपला. तुम्ही मात्र आधी त्यांची ‘अनप्लग्ड’ मैफल ऐका, नोव्हेंबर १९९३ ची, न्यूयॉर्कमधली. १४ गाणी, त्यातली ६ दुसऱ्यांची. एक बोवीचं, एक स्कॉटलंडच्या व्हॅसलिन्सचं, तीन मीट पपेट्सचं (त्या बँडचे दोघे भाऊ मंचावर आले आहेत), आणि शेवटचं लेड बेलीच्या गाण्यांतलं एक जुनं लोकगीत. लेड बेली लुइझियानाचा, बारा तारांची गिटार वाजवणारा. १९३३ मध्ये जॉन आणि अ‍ॅलन लोमॅक्स या बापलेकांनी तुरुंगात जाऊन त्याचा आवाज मुद्रित केला. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध बँडने आपली शेवटची ओळ त्याच्या पायाशी ठेवली. निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन याचं ते गाणं ऐकून झालं की लगेच लेड बेलीचं लावा.

कोबेन १९९२ मध्ये एका पुरस्कार सोहळ्याला ‘हाय, हाऊ आर यू’ असं लिहिलेला, बेडकासारखं चित्र असलेला टी-शर्ट घालून गेला. ते चित्र डॅनियल जॉन्स्टनचं. हा टेक्ससमधल्या ऑस्टिनचा. साध्या कॅसेट रेकॉर्डरवर घरी गाणी मुद्रित करायचा आणि कॅसेटी लोकांना वाटायचा. आवाज पातळ, कापरा, वाद्यं बेसूर, मागे टेपची खरखर. पहिल्यांदा ऐकणारा बिचकतो. म्हणून आधी बेक या अमेरिकन गायकाने गायलेलं ‘ट्रू लव्ह विल फाइंड यू इन द एंड’ ऐका, चाल किती पक्की आहे ते कळेल. मग मूळ ऐका, दोनच मिनिटांचं आहे. माझं मत स्पष्ट आहे: मूळच जास्त खरं आहे.

‘हॅलेलुया’ या गाण्याची गोष्ट याहून सुंदर. लेनर्ड कोहेन या कॅनडाच्या कवी-गायकाच्या १९८४ च्या ज्या अल्बममध्ये ते आहे, तो त्याच्या कंपनीने अमेरिकेत काढायलाच नकार दिला होता. १९९१ मध्ये ते पियानोवर गायलं जॉन केलने, म्हणजे व्हेल्व्हेट अंडरग्राउंडच्या व्हायोलावाल्याने. केलचं ऐकून अमेरिकन गायक जेफ बक्लीने आपल्या ‘ग्रेस’ (१९९४) मध्ये घेतलं, आणि आज जग ओळखतं ते हे. तिन्ही लागोपाठ ऐका. कोहेन म्हाताऱ्या भटजीसारखा सांगतो, केल हिशेब मांडतो, बक्ली मागणं मागतो. हा बक्ली नुसरत फतेह अली खाँ यांचा इतका भक्त, की कार्यक्रमात त्यांची कव्वाली उर्दूतून गायचा. आणि कोहेन १९९९ मध्ये मुंबईत राहून रमेश बाळसेकरांच्या सत्संगाला जात असे.

कहाणी नंतर, गाणं आधी

एक खबरदारी. कल्ट कलाकारांभोवती कहाण्या फार असतात: अकाली मृत्यू, आजार, उपेक्षा. कहाणी आधी वाचली की गाणं दयेने ऐकलं जातं, आणि तो त्या कलाकारावर अन्याय आहे. डेट्रॉइटचा गायक रॉड्रिगेझ याचंच बघा. त्याचा ‘कोल्ड फॅक्ट’ (१९७०) अमेरिकेत पडला, दक्षिण आफ्रिकेत घरोघरी गेला. २०१२ च्या माहितीपटाने हे सगळं जगाला सांगितलं. पण ऑस्ट्रेलियातही तो लोकप्रिय होता आणि १९७९ मध्ये तिथे दौरा करून आला होता, हे त्या माहितीपटात नाही. कहाणी गोळीबंद करायला काहीतरी वगळावं लागतं. गाण्यांना त्याची गरज नाही, ती तशीही उत्तम आहेत.

पाचवी पायरी : नाव सोडून आडवाटेला गेलेले

काहीजण आधी नामवंत असतात आणि आपण होऊन तिकडे जातात. स्कॉट वॉकर साठच्या दशकात पोरींच्या किंकाळ्यांत गायचा. १९६९ चा ‘स्कॉट ४’ पडला. ‘टिल्ट’ (१९९५) पर्यंत तो अशा जागी पोचला, की तिथे चाल म्हणावी असं फारसं उरत नाही. नवख्याने ‘स्कॉट ४’वर थांबावं. केट बुश मात्र दोन्हीकडे एकाच वेळी राहिली: १९७८ मध्ये, विशीच्या आत, स्वतः लिहिलेल्या गाण्याने ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर, आणि १९८५ चं ‘रनिंग अप दॅट हिल’ २०२२ मध्ये एका मालिकेमुळे तेही तिथेच.

टॉक टॉकबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं. १९८४ मध्ये ‘इट्स माय लाइफ’ म्हणणारा हा सिंथेसायझरचा बँड. ‘द कलर ऑफ स्प्रिंग’ (१९८६) चांगला खपला, कंपनीने पुढच्यासाठी पैसा आणि वेळ मोकळा सोडला. बँडचा गायक मार्क हॉलिस आणि निर्माता टिम फ्रीझ-ग्रीन यांनी जवळजवळ अंधाऱ्या स्टुडिओत महिनोन्‌महिने वादकांना बोलावून मनाला येईल ते वाजवायला सांगितलं, आणि त्यातलं बहुतेक टाकून देऊन थोडे तुकडे ठेवले. त्यातून ‘स्पिरिट ऑफ ईडन’ (१९८८) झाला. पहिली तीन गाणी एकमेकांत मिसळून जातात. शांतता इतकी, की एखादा गिटारचा आघात झाला की दचकायला होतं. कंपनीला यात विकण्यासारखं काही दिसलं नाही. नंतर ‘लाफिंग स्टॉक’ (१९९१), हॉलिसचा एक एकल अल्बम (१९९८), आणि २०१९ मध्ये जाईपर्यंत जवळपास मौन. हे तीन अल्बम क्रमानेच ऐका: १९८६, १९८८, १९९१. मधला एकदम लावलात तर काय सोडलं ते कळणार नाही.

पहिला महिना

आठवड्याला एक जोडी, त्याहून जास्त नको. पहिल्या आठवड्यात ‘रिव्हॉल्व्हर’ आणि व्हेल्व्हेट अंडरग्राउंड. दुसऱ्यात ‘विश यू वेअर हिअर’ आणि ‘फाइव्ह लीव्हज लेफ्ट’. तिसऱ्यात ‘लो’ आणि ‘एगे बामयासी’. चौथ्यात निर्वाणाची मैफल आणि लेड बेली. प्रत्येक अल्बम तीनदा, वेगवेगळ्या दिवशी. वहीत निर्माता, वादक, स्टुडिओ लिहा. एखादं नाव दुसऱ्यांदा आलं की त्याखाली रेघ मारा, पुढची जोडी तिथून निघेल. एलपीची आवड लागली तर पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी असतो, मुंबईत चोर बाजार आहे. तबकडी उजेडात तिरकी धरून बघा: बारीक केसासारखे ओरखडे चालतात, नखाला लागणारा चरा नको.

‘लाफिंग स्टॉक’ पाचव्या आठवड्यासाठी राखून ठेवा. ६ गाणी, ४३ मिनिटं, घरातले सगळे झोपल्यावर.